मावशींचं नाक

"नकाशा कशाला? मला नाक आहे!"

मावशींनी हे वाक्य सूनबाईला सकाळी नऊ वाजता, दारात चप्पल घालता घालता ऐकवलं. सत्तावीस वर्षं त्यांनी खानावळ चालवली होती. चार पातेली चुलीवर असताना कुठल्या पातेल्यातलं मीठ विसरलंय हे त्या बाहेर हिशेबाच्या टेबलावर बसून सांगत. असं नाक असलेल्या बाईने बाजारात वाट चुकायची म्हणजे माशाने पोहता पोहता बुडायचं!

आठ दिवसांसाठी त्या मुलाकडे या अवाढव्य शहरात आल्या होत्या. सून गुणाची, पण काळजीची पोतडी! पहिल्या दिवशी तिने त्यांना हात धरून फिरवलं. "आई, पायरी! आई, खड्डा! आई, ते नका खाऊ!" एवढा मोठा बाजार, आणि मावशींनी त्यात पाहिलं काय, तर सूनबाईची पाठ! शेवटी तह झाला. आज एकटीने जायचं आणि एकच्या आत परत यायचं. जमलं तर उरलेले सहा दिवस मावशी मोकळ्या. नाही जमलं तर पुन्हा हात, पायरी आणि खड्डा.

मावशींनी फोनही मुद्दाम घरी ठेवला.

भीती त्यांना एकाच गोष्टीची, लिफ्टची. त्यात त्या डोळे घट्ट मिटून उभ्या राहत आणि जीव रमवायला आसपासचे वास ओळखत. काल तर मोठ्याने म्हणाल्याही, "कोणीतरी कॉफी प्यायलंय बरं का! तास झाला असेल!" त्यावर लिफ्टमध्ये एकदम सामसूम झाली. का, ते मावशींना कळलं नाही. डोळे मिटलेले ना!

तर मावशी बसने बाजारात पोचल्या आणि वाट नाकात नोंदवून घेतली. दाराशी भट्टीतला पाव. पुढे कॉफी भाजण्याचं दुकान, मग फळं, मग मासळी. परत येताना हेच उलटं! वाण्याच्या यादीइतकं सोपं!

आणि मग काय सांगू, बाई हरवल्याच! म्हणजे सुखात. फळवाल्याने पेरूची फोड दिली, मावशींनी "कालचाय" असं सांगितलं, तर त्याने मुकाट्याने टोपलीच्या तळातला काढून दिला. मसाल्याच्या दुकानात त्यांनी तीन मिरच्यांचा वास घेऊन भेसळीची चौथी बाजूला काढली. दुकानवाली म्हणाली, "ताई, उद्यापासून इथेच बसा!" एका कोळिणीशी त्यांचं मासळीच्या डोळ्यांवरून भांडण झालं आणि भांडण मिटेपर्यंत दोघींची मैत्री झाली. कोणी म्हणत नव्हतं, आई, ते नका खाऊ!

साडेबाराला मावशी परत वळल्या. पदर खोचला, नाक वर केलं.

मासळी गेली होती!

बाजार आवरला होता. फरशीवर साबणाचं पाणी सोडलं होतं, त्यामुळे सगळीकडे एकच वास, धुतलेल्या दवाखान्याचा! फळांवर ताडपत्री पडली होती. पावाची भट्टी केव्हाच विझली होती. मावशी जागच्या जागी दोनदा गोल फिरल्या. वाट विचारावी? छे! त्यापेक्षा सुनेला फोडणी विचारलेली बरी!

तेवढ्यात कॉफी आली. अगदी ताजी, नुकती दळलेली! मावशींनी डोळे अर्धे मिटले आणि वासामागे निघाल्या. वास डावीकडे वळला. मावशी वळल्या. वास जिना चढला. मावशी धापा टाकत चढल्या. वास लोण्याच्या दुकानाशी थांबला, म्हणून त्याही थांबल्या आणि बोटभर लोणी चाखून घेतलं. मग वास चक्क पळायलाच लागला!

"अगं बाई, दुकान पळतंय कसं?"

वासासह एक टक्कल गर्रकन मागे वळलं.

"बस्स झालं!" पिशवी छातीशी धरून काका ओरडले. "किती वेळ माझ्या मागावर आहात?"

"मी? मी कॉफीच्या मागावर आहे!"

काकांनी हातच जोडले. "मला वाटलंच! हिनेच पाठवलं ना तुम्हाला? काल लिफ्टमध्ये तिच्यादेखत माझी कॉफी पकडलीत तुम्ही! डॉक्टरांनी बंद केलीय, मान्य! पण रात्री मला नुसता उकडलेला भोपळा वाढला हो!"

मावशींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काल लिफ्टमध्ये कॉफी पिऊन आलेले ते हेच, आपल्याच इमारतीतले!

"पाठवलेलं नाही कोणी," मावशी हळूच म्हणाल्या. "हरवलेय मी."

"हरवलात?" काकांचा चेहरा फुलला. "अहो, मग तुमचंही गुपित आहे की!"

सौदा तिथेच ठरला. काकांनी बाजाराचं मागचं दार दाखवलं, आणि समोर घर! बसने वळसा घालून वीस मिनिटं लावली होती, ते दोन मिनिटांवर! एकला पाच कमी असताना दोघं लिफ्टमध्ये शिरले. मावशींनी डोळे मिटले.

दार उघडलं. समोर सूनबाई, आणि शेजारी काकांची बायको, म्हणजे काकू! काकूंच्या नाकपुड्या हलल्या.

"कॉफीचा वास कुठून येतोय?"

काकांचा चेहरा उकडलेल्या भोपळ्यासारखा झाला. मावशींनी त्यांच्या पिशवीतून पुडी ओढली. "माझीच! ओझं होतं म्हणून यांनी धरली, भला माणूस!"

"पण आई, तुम्ही कॉफी पीत नाही!"

"लागली सवय. शहर आहे बाई!"

सूनबाईने घड्याळ पाहिलं आणि मावशींना मिठीच मारली. "एकट्या गेलात, वेळेत आलात! आता रोज खुशाल जा!"

मावशी जिंकल्या! पण काकूही पुढे सरसावल्या. "मग रोज यांनाही न्या हो. असं नाक मला कुठे मिळणार? कॉफीचा थेंब जरी प्यायले, तरी मला सांगायचं!"

तेव्हापासून दोघं रोज बाजारात जातात. साडेबाराला कॉफीच्या दुकानासमोरच्या बाकावर बसतात. काका अर्धा कप घेतात. पूर्ण घेऊ द्यावा, तर मावशींना डॉक्टर आठवतात. एकला काकू दारातच विचारतात, "काय मावशी, आला का वास?"

आणि सत्तावीस वर्षं न चुकलेलं ते नाक पदराने पुसत मावशी म्हणतात, "काय सांगू काकू! या शहराच्या हवेने सर्दीच झालीय मेली!"