खुर्ची आली, मग गुरुजी आले

पाहणीच्या पहिल्याच घरात गुरुजींना बसायला खुर्ची मिळाली आणि सगळा घोटाळा तिथेच सुरू झाला.

गुरुजी तिसरीच्या वर्गाला शिकवत. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि सरकारी काम शाळेवर आलं की ते आपसूक त्यांच्याच गळ्यात पडत असे. या खेपेचं काम होतं घरांच्या पाहणीचं. कोणतं घर गरीब आणि कोणतं सक्षम हे ठरवायचं. गरीब ठरलेल्या घराला धान्याचं आणि औषधाचं कार्ड, सक्षम ठरलेल्याचं असलेलं कार्डही बंद.

प्रशिक्षणाच्या दिवशी कार्यालयातल्या मोठ्या साहेबांनी टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, "लोकांना काही विचारू नका. विचारलं की लोक खोटं सांगतात. दिसेल ते लिहा. खुर्ची, पंखा, घड्याळ. तिन्ही दिसली, की घर सक्षम. संपला विषय."

गुरुजींना हे पटलं. वर्गातही ते मुलांना हेच सांगत, ऐकीव लिहू नये, पाहिलेलं लिहावं.

त्यांच्या वाट्याला सात खोल्यांची एक गल्ली आली. एका ओळीत सात दारं, मागच्या अंगाला सात मोऱ्या आणि मोऱ्यांमागून जाणारी बारीक पायवाट. पहिल्या खोलीत शिंपी, चौथीत गवंडी, शेवटच्या सातवीत इस्त्रीवाल्या आजी आणि त्यांची नात. प्रत्येक घरातलं एखादं तरी पोर गुरुजींच्या हाताखालून गेलेलं किंवा अजून वर्गात बसणारं. आजींची नात तर पहिल्याच बाकावर बसायची.

शिंप्याकडे गुरुजी खुर्चीत बसले. हिरव्या रंगाची खुर्ची, डावा हात तारेने बांधलेला. समोर टेबलफॅन फिरत होता, भिंतीवर घड्याळ. चहा झाला, पोराकडून सातचा पाढा म्हणवून घेतला, तीन रकान्यांत तीन खुणा केल्या आणि गुरुजी उठले. दारात त्यांनी बूट चढवले. गुरुजी नाड्यांना दोन-दोन गाठी मारत, त्याही बसून, चष्मा सावरत, निवांत.

दुसऱ्या घरात हिरवी खुर्ची, टेबलफॅन, घड्याळ. खुर्ची बसताना जरा कोमट लागली. 'ऊन येत असेल,' गुरुजी मनात म्हणाले.

तिसऱ्या घरात खुर्चीच्या डाव्या हाताला तार दिसली, तेव्हा ते कौतुकाने म्हणाले, "एकाच दुकानातून घेतल्या वाटतं सगळ्यांनी?"

"हो ना," घरधनीण म्हणाली. तिला धाप लागली होती.

"आणि घड्याळंही सगळ्यांची दहा मिनिटं मागे."

"आमच्या गल्लीत एकी आहे, गुरुजी."

गुरुजींना बरं वाटलं. इतकी वर्षं शिकवलेलं कुठेतरी रुजलं म्हणायचं. पाचव्या घरात पंख्याला हात लागला तर तो गरम, आणि घरमालक घामाने निथळत होता. सहाव्या घरात घड्याळ जरा तिरकं लागलं होतं. सातव्या घरी आजींनी पदराने खुर्ची पुसली आणि म्हणाल्या, "बसा गुरुजी. तुम्ही खाली बसलेलं बरं दिसत नाही."

गुरुजी बसले. कोपऱ्यात कोळशाची इस्त्री होती. आजींचा हात हल्ली थरथरायचा म्हणून गिऱ्हाइकं कमी झाली होती, हे गुरुजींना नातीकडून माहीत होतं. रक्तदाबाच्या गोळ्या कार्डावर मिळत आणि दोन वेळचं धान्यही. तेही गुरुजींना माहीत होतं. पण माहीत असणं म्हणजे दिसणं नव्हे. रकान्यात त्यांनी तीन खुणा केल्या, आणि त्या करताना, त्यांना नंतर आठवलं, पेन जरासं अडखळलं होतं.

सोमवारी वर्गात त्यांनी निबंध घातला, 'आमच्या घरी आलेले पाहुणे'. दुपारच्या सुट्टीत वह्या तपासायला घेतल्या. सर्वांत वर आजींच्या नातीची वही होती.

'शुक्रवारी आमच्या घरी खुर्ची आली,' तिने लिहिलं होतं. 'मग तिच्या पाठोपाठ गुरुजी आले. खुर्ची शिंपीकाकांची आहे. पंखा गवंडीकाकांचा आहे. घड्याळ दुसऱ्या घरातल्या काकूंचं आहे, त्यांनी सांगितलं आहे की फिरवलं तर मोडेल, पण मोडलं नाही. आजी म्हणाली की गुरुजी आपल्या पोरांना शिकवतात, त्यांना जमिनीवर बसवायचं नाही, उकडू द्यायचं नाही आणि वेळ बघायला बाहेर पाठवायचं नाही. मागच्या वाटेने खुर्ची डोक्यावर घेऊन सगळे पळत होते. गुरुजी बुटाच्या नाड्या बांधतात तेवढ्यात खुर्ची दोन घरं जाऊन येते. खूप मजा आली.'

गुरुजींनी वही मिटली. मग पुन्हा उघडली आणि सवयीने खाली 'छान' असं लिहिलं.

संध्याकाळी ते थेट कार्यालयात त्याच मोठ्या साहेबांकडे गेले. साहेब वयस्क, जाड भिंगांच्या चष्म्याचे, आणि वागायला मुळीच वाईट नव्हते.

"साहेब, माझी चूक झाली. एकाही घरात तिन्ही वस्तू नव्हत्याच."

"फॉर्मवर आहेत."

"दिसल्या होत्या. पण नव्हत्या."

साहेबांनी भिंगांवरून पाहिलं. "वस्तू कमी झाल्याचा अर्ज मिळतो, तो भरा. पण कारण लिहावं लागतं. विकली, मोडली की चोरीला गेली?"

"नव्हतीच."

"असा रकाना नाही."

गुरुजींनी अर्ज उलटसुलट पाहिला. खरंच नव्हता. "मोडली लिहिलं तर?"

"तुकडे दाखवावे लागतात."

"विकली?"

"मग पावती. आणि पैसे मिळाले म्हणजे घर आणखीच सक्षम. मी म्हणेन, चोरीच लिहा. पोलिसांचा दाखला आणा, काम होऊन जाईल. मलाही वाईट वाटतं हो, पण माझ्या हातात जेवढं आहे तेवढंच आहे."

आयुष्यात कधी वर्तमानपत्रही उसनं न घेतलेले गुरुजी पोलीस चौकीची पायरी चढले. आत बसलेला हवालदार त्यांना पाहून ताडकन उभा राहिला. पंचवीस वर्षांपूर्वी तो त्यांच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा.

"गुरुजी! तुम्ही इथं?"

"सहा खुर्च्या गेल्या," गुरुजी घाईने म्हणाले. "आणि सहा पंखे. आणि सहा घड्याळं."

हवालदाराने वही ओढली. "कुठून?"

"सात घरांतून. मिळून."

"म्हणजे चोराने प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या एका घरात सोडली?"

"हो. ज्याची त्याच्याकडे."

"चांगला माणूस दिसतोय." हवालदाराने पेन खाली ठेवलं. "गुरुजी, खरं सांगा. चोरी झाली का?"

गुरुजींनी खिडकीबाहेर पाहिलं. "नाही रे. तेवढं नुसतं लिहून दे."

"कसं लिहू? तिसरीत मी खोटं गैरहजरीचं पत्र आणलं होतं तर तुम्ही अर्धा तास समजावत बसला होतात. ते आजवर पुरलंय मला." तो हळूच म्हणाला, "आणि खोटी तक्रार घेतली तर तुम्हालाच आत बसवावं लागेल. आत तर खुर्चीपण नाही."

गुरुजी तसेच परतले. पण त्यांनी नेट सोडला नाही. रोज शाळा सुटली की कार्यालयाच्या बाकावर जाऊन बसत. अकराव्या दिवशी साहेबच कंटाळून म्हणाले, "बरं. फेरपाहणी करू. मी स्वतः येतो. पण लक्षात ठेवा, लपवलेली वस्तू सापडली तर ते घर कायमचं बाद."

गुरुजींनी गल्ली गोळा केली. "कोणीही काही आणायचं नाही, काही लपवायचं नाही. ज्याचं आहे ते त्याच्या घरात. मागची वाट बंद. समजलं?"

"अहो, पण साहेब येणार," आजी म्हणाल्या. "तुम्हाला खुर्ची दिली आणि साहेबांना जमिनीवर? बरं दिसेल का ते?"

"आजी, तुमच्या गोळ्यांचा प्रश्न आहे!"

"गोळ्यांचं कळतं हो मला. मी आपलं रीतीचं म्हणते." मग गुरुजींचं तोंड पाहून त्या म्हणाल्या, "बरं बाबा. तुमच्यासाठी साहेबांना उभं ठेवते."

साहेब आले ते भर दुपारी. शिंप्याकडे खुर्ची दिसली, तिथे खूण झाली. घड्याळ दुसऱ्या घरात, पंखा गवंड्याकडे. बाकी ठिकाणी काही नाही. साहेब प्रत्येक घरात उभ्यानेच लिहीत होते आणि एकेका कागदावर शेरा पडत होता, 'गरीब, पात्र'. सहा घरं झाली. गुरुजींना वाटलं, छातीवरचा दगड उतरतोय.

सातव्या घरात पत्र्याखाली इस्त्रीतले कोळसे फुललेले होते. साहेबांनी आत पाऊल टाकलं, रुमालाने कपाळ पुसलं आणि अचानक भिंतीला धरलं. चेहरा पांढराफटक. डोळे मिटले.

"धरा, धरा!" आजी ओरडल्या. "गुरुजी, काहीतरी करा!"

गुरुजींनी विचार केला नाही. तेवढीच त्यांची चूक. पडणाऱ्या माणसाला पाहून ते मागच्या दाराने बाहेर पडले, ज्या वाटेवर त्यांनीच बंदी घातली होती त्या वाटेने पळत गेले, शिंप्याकडची हिरवी खुर्ची उचलली आणि डोक्यावर घेऊन आले. बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या. त्या बांधायला ते या खेपेला थांबले नाहीत.

साहेबांना बसवलं. आजींनी पाणी दिलं, पदराने वारा घातला. पाच मिनिटांनी साहेबांनी डोळे उघडले.

"फार उपकार झाले, आजी," ते म्हणाले. मग त्यांनी बसल्या जागी खाली पाहिलं. तारेने बांधलेल्या हातावर बोट फिरवलं. आणि कागद काढला.

"साहेब, ती शिंप्याची आहे!" गुरुजी म्हणाले.

"शिंप्याकडची खुर्ची मी पहिल्या घरात पाहिली. लिहिलीही आहे. एकच खुर्ची दोन घरांत कशी असेल?"

"मी आणली. आत्ता. तुमचे डोळे मिटलेले होते."

"म्हणजे मी पाहिलं नाही." साहेबांचा आवाज खरोखरच पडला होता. "डोळे उघडले तेव्हा खुर्ची इथे होती, एवढं मी पाहिलं. पहिल्या फॉर्मवर खुर्ची आहे. आज आधी नव्हती, गरज पडल्यावर निघाली. गुरुजी, याला काय म्हणतात ते मी काय सांगू तुम्हाला?"

"तुम्ही पडला असतात!"

"पडलो असतो. म्हणून तर आभार मानले." आणि त्यांनी सावकाश, नीट अक्षरात शेरा लिहिला.

सहा घरांची कार्डं पंधरा दिवसांत परत आली. आजींचं आलं नाही.

गुरुजी माफी मागायला गेले तेव्हा आजी एका शर्टाची कॉलर दाबत होत्या. "अहो, माणूस डोळ्यांदेखत कोसळत होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही खुर्ची आणली नसती तर मी तुम्हाला या दारात पुन्हा उभं केलं नसतं. आणि शुक्रवारची युक्ती माझीच ना? मग रडायचं कुणी?"

गुरुजींना हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पुढच्या महिन्यात ते धान्याची पिशवी आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन आले. "नवी योजना निघाली आहे," दारातूनच म्हणाले. "शाळेमार्फत."

आजींनी पिशवीत हात घालून मूठभर दाणे काढले. एकही खडा नव्हता. "सरकार हल्ली धान्य निवडून देतं वाटतं?"

आदल्या दुपारी बायकोबरोबर सूप घेऊन गुरुजी स्वतःच निवडायला बसले होते.

"फॉर्म कुठाय?" आजींनी विचारलं.

"कसला?"

"योजना आहे म्हणता, मग फॉर्म नको? विचारायचं-बिचारायचं काही? असं फुकटचं मी घेत नाही, गुरुजी. मला माझ्या नावावर रीतसर पाहिजे."

गुरुजींनी पिशवीतून तिसरीची एक कोरी वही काढली. पट्टीने रकाने आखले. मग चटईवर मांडी घालून, चष्मा पुसून, त्यांनी पेन उघडलं. त्या गल्लीच्या इतक्या फेऱ्या झाल्या होत्या, पण कुणाला काही विचारायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

"पंखा आहे?"

"नाही."

"घड्याळ?"

"नाही."

"खुर्ची आहे?"

"नाही," आजी म्हणाल्या, आणि मग गुरुजींच्या मांडीकडे पाहून, उठून मागच्या दाराशी उभ्या राहिल्या. "पण पाय अवघडले असतील तुमचे. थांबा, आणते."