पडद्याआडची फौजदारकी

बढतीच्या खात्यांतर्गत परीक्षेत न्याय कसा प्रस्थापित करावा, या विषयावर आमच्या जिल्ह्यात माझ्याइतके चिंतन अन्य कोणी केले असेल, असे मला वाटत नाही! मी सयाजी, हुद्द्याने हवालदार. वयाच्या अटीनुसार फौजदार होण्याची ही माझी अंतिम संधी होती. खांद्यावर दोन तारे लागावेत, एवढीच या देहाची इच्छा उरली होती.

परंतु कवायतीच्या परीक्षेला जे परीक्षक साहेब येणार होते, त्यांची आणि माझा प्रतिस्पर्धी हवालदार भरतेश याची सासुरवाडी एकाच गावची! हे वृत्त कानी पडताच माझी झोप उन्हाळ्यातल्या विहिरीसारखी आटली. अखेर मोठ्या साहेबांच्या दरबारात, म्हणजे जेथे आम्ही शिपाईमंडळी गाऱ्हाणी मांडतो तेथे, मी ताठ उभा राहिलो.

"साहेब, परीक्षकाने उमेदवाराचे मुख पाहू नये. दोघांमध्ये पडदा असावा!"

"मान्य," साहेब म्हणाले. "पडदा कोण आणणार?"

"मी!"

घरी मात्र हा निर्णय इतक्या सहजी संमत झाला नाही.

"आवं, माझा पडदा कशापायी?" आमची विजयमाला म्हणाली. "रहिमतपूरच्या बाजारातनं निवडून आणलाय त्यो!"

"विजयमाला, न्यायदेवतेच्या डोळ्यांवरही पट्टी असते."

"मग तिच्याच घरचं कापड वापरा की!"

तरीही मी पडदा नेला. तेवढ्यात भरतेशने हरकत घेतली. "साहेब, ह्येचा आवाज वळखणार न्हाई असं हाय का कोण? दर जत्रंत कर्ण्यावरनं हरवलेली पोरं ह्योच पुकारतोय. नुसतं त्वांड झाकून काय उपेग?"

हरकत रास्त होती. मी स्वतःच उपाय सुचवला. उमेदवाराने हुकूम कानात सांगावा आणि तो तिऱ्हाईताने मोठ्याने पुकारावा. ज्याचा स्वतःचा आवाज ओळखला जाईल, तो उमेदवार बाद! पुकारण्यासाठी आकाराम नावाचे होमगार्ड नेमले गेले. आमचेच सहकारी मुद्दाम पाय चुकवतील, या शंकेने मी कवायतीची तुकडीही परक्या नवशिक्या जवानांची मागवली. साताऱ्याहून आलेल्या त्या जवानांना सक्त ताकीद देण्यात आली, "आकारामशिवाय कुणाचंही ऐकायचं नाही. सख्खा बाप आला तरी नाही!"

अशा रीतीने अन्यायाच्या सर्व वाटा मी बुजवल्या.

परीक्षेचा दिवस उगवला. पडद्याच्या एका अंगाला परीक्षक साहेब, दुसऱ्या अंगाला मी व आकाराम, आणि समोरचे मैदान दोघांनाही खुले. मी कानात म्हणालो, "तेज चल." आकारामने गर्जना केली. तुकडी अशी निघाली, जणू एकाच माणसाला पन्नास पाय फुटले आहेत!

"वा!" पडद्यापलीकडून शब्द आला. माझ्या खांद्यांना गुदगुल्या झाल्या.

तुकडी मैदानाच्या फाटकाजवळ पोहोचली. मी कानात म्हणालो, "थम."

शांतता.

वळून पाहतो तो आकारामचा गाल फुगलेला! मधल्या उसंतीत गृहस्थांनी तंबाखूचा बार भरला होता.

"अरं, पुकार की!"

"उं... उं..."

"थुंक आदी!"

त्यांनी भयभीत नेत्रांनी पडद्याकडे पाहिले. साहेबांसमोर मैदानावर थुंकणे? शिस्तीचा मनुष्य! त्यांनी मान हलवून नकार दिला. तोवर तुकडी फाटकातून बाहेर पडली. आणि इस्लामपूरच्या बाजूने उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढीत एक ट्रॅक्टर येत होता!

वाचकहो, त्या क्षणी एका पारड्यात माझे दोन तारे होते आणि दुसऱ्या पारड्यात कुणाच्या तरी घरचे जवान. मी छातीत मावेल तेवढी हवा भरली.

"थम!!"

ट्रॅक्टर थांबला. मागची एसटी थांबली. रसवंतीचे चाक थांबले. रस्त्यावरून चाललेल्या तानुबाई थांबून म्हणाल्या, "सयाजी, कुनाचं प्वार हरवलं रं?"

थांबली नाही ती फक्त तुकडी! ताकीद म्हणजे ताकीद. ती रस्ता ओलांडून थेट समोरच्या मंगल कार्यालयात शिरली. पोलीस पाहताच डीजे आपोआप बंद पडला. वधुपिता हात जोडून धावले, "आवं साहेब, आवाज कमीच ठिवलाय की!" तुकडी स्टेजला अडली आणि वधूवरांसमोर जागच्या जागी पाय आपटू लागली.

माझ्या आरोळीने दचकून आकारामच्या मुखातील ऐवज पडद्यावर रिता झाला होता. मग ते धावत गेले आणि अक्षतांच्या गर्दीतून ओरडले, "थम!" तुकडी थांबली.

पडद्यामागून गंभीर स्वर आला, "हा आवाज हवालदार सयाजी यांचा. नियमानुसार बाद."

मी मान खाली घातली. इतक्यात ज्याच्यासाठी मी हा सारा बंदोबस्त केला होता, तो भरतेश पुढे झाला. "साहेब, त्येनं पोरं वाचीवली. येवढ्या बारीला नियम बाजूला ठिवा की!"

साहेबांनी पडदा सारला. 

"बाजूला ठेवतो. पण मग त्याला पक्षपात म्हणायचं की नाही? तुम्हीच सांगा, सयाजी."

 जत्रेत कधी न अडकलेला आवाज तेथे अडकला.

"म्हणावा लागेल, साहेब."

भरतेश फौजदार झाला. त्याच्या वेळी आकारामचे तोंड स्वतः साहेबांनी तपासले होते! आता रोज सकाळी मी त्याला कडक सलाम ठोकतो आणि तो संकोचाने नजर चुकवतो.

घरी पडदा उलगडून विजयमालाने विचारले, "दोन तारं आणाय गेला हुता न्हवं? आन् ह्ये काय?"

"परीक्षा न्याय्य झाली," मी म्हणालो.

 तिने तो डागाळलेला पडदा मुद्दाम पुढच्या दारालाच लावला आहे. डाग धुऊन जात नाही. बाहेरून येणाऱ्याला आणि आत बसलेल्याला तो अगदी सारखाच दिसतो. त्यात मात्र काडीचाही पक्षपात नाही!