सदतीस त्रुटींची गाडी

आमच्या घरातल्या बहुतेक सगळ्या आपत्तींची सुरुवात 'मी बघतो' या दोन शब्दांनी होते. हे शब्द माझे असतात. पुढचं सगळं मग बाकीच्यांना बघावं लागतं.

आता मी बघतो म्हणतो ते काही उगाच नाही. बघणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. आमच्या कचेरीत माझ्या टेबलाला त्रुटी विभाग म्हणतात. (विभाग म्हणजे मी आणि एक पंखा.) लोकांचे अर्ज माझ्याकडे येतात. त्यांतल्या चुका शोधायच्या, त्यांना क्रमांक द्यायचे आणि त्रुटीपत्र लावून अर्ज परत धाडायचा, की माझं काम झालं. बावीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही अर्ज पहिल्या फेरीत पास झालेला नाही. एकदा तर मी माझाच रजेचा अर्ज परत पाठवला होता, कारण त्यावर तारीख नव्हती. कचेरीत माझ्या पाठीमागे मला 'परतसाहेब' म्हणतात. तोंडावरही तेच म्हणतात.

तर गाडीचं असं झालं. सासूबाई आमच्याकडेच राहतात. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं की आठवड्यातून तीनदा व्यायाम केंद्रात न्यायचंच, नाहीतर गुडघा कायमचा रुसेल. आमची जुनी गाडी मात्र इतकी बुटकी, की तिच्यात बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच बसायचं. सासूबाईंना तिच्यात बसवायची आमची एक ठरलेली पद्धत होती. त्या दाराकडे पाठ करून उभ्या राहायच्या, ही त्यांचे हात धरून त्यांना हळूहळू खाली सोडायची आणि मी पलीकडच्या दारातून आत शिरून त्यांना मागून ओढून घ्यायचो. एकदा माझा जोर जास्त झाला आणि सासूबाई थेट स्टिअरिंगसमोर येऊन बसल्या. समोरच्या घरातल्या गृहस्थांनी तेव्हा, कपाट हलवताय का, मदतीला येऊ का, म्हणून विचारलं होतं.

त्या दिवशी सासूबाई हसल्या. पण पुढच्या खेपेला चपला घालून तयार झाल्या, दारापर्यंत आल्या आणि परत फिरल्या. "मी घरीच बरी," त्या म्हणाल्या. "माणसं चालताना खिडकीतूनही दिसतात."

त्यांनी माझे वाभाडे काढले तर माझी हरकत नसते, सवय आहे. पण त्यांचं हे असं हळू आवाजात बोलणं मला सोसवेना. मला मनापासून वाईट वाटलं. उंच सीटची गाडी घ्यायची असं आम्ही त्याच दिवशी ठरवलं. नवी परवडणार नव्हती, तेव्हा जुनीच.

हिने दोन दिवसांत एक गाडी शोधून काढली. मध्यम आकाराची क्रॉसओव्हर एसयूव्ही, सहा वर्षांची, राखाडी रंगाची. (क्रॉसओव्हर म्हणजे धड मोटार नाही, धड जीप नाही, दोघींच्या चांगल्या सवयी घेऊन जन्माला आलेली.) मालकीण एक निवृत्त गणिताच्या बाई होत्या. किंमतही फोनवरच जुळली. ही म्हणाली, जाताना कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला सोबत नेऊ, तो दहा मिनिटांत काय ते सांगेल.

मी म्हणालो, "गॅरेजवाला कशाला? मी बघतो."

हिने नुसतं न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे मी स्वतः बघून आणलेलं जुनं धुलाईयंत्र उभं असतं. 'उभं असतं' हे आपलं म्हणायला. चालू केलं की ते चालायला लागतं, आणि कपडे पिळायची वेळ येईपर्यंत दारात येऊन आडवं उभं राहतं. एकदा ते असं दारात आलं तेव्हा मी आत आंघोळ करत होतो. माझी सुटका व्हायला चाळीस मिनिटं लागली होती. त्या दिवसापासून घरातली कुठलीही वस्तू बघायचा माझा अधिकार काढून घेण्यात आला होता, आणि गाडीच्या निमित्ताने मला तो परत मिळवायचा होता.

तीन दिवस मी इंटरनेटवर जुन्या गाडीची तपासणी कशी करावी याचा अभ्यास केला. बॅगेत टॉर्च, फूटपट्टी, पांढरा रुमाल, अंथरायला जुनी चादर आणि फ्रिजवरचं स्ट्रॉबेरीच्या आकाराचं लोहचुंबक भरलं. (अपघातात पत्रा चेपला की काही लोक तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग देतात. अशा जागी चुंबक चिकटत नाही. हे तीन दिवसांपूर्वी मलाही माहीत नव्हतं, पण आता मी ते दिसेल त्याला सांगत होतो.)

रविवारी सकाळी सासूबाईंची समजूत काढून त्यांना कसंबसं बुटक्या गाडीत बसवलं आणि आम्ही तिघं बाईंच्या घरी गेलो. बाई ताठ, बारीक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. गाडी त्यांच्याचसारखी स्वच्छ होती. मुलगा दूर राहतो, गाडी हल्ली खडखडते, आपल्यासारखीच तीही थकली असेल म्हणून विकायची, असं त्यांनी सरळ सांगितलं. आणखी दोन गिऱ्हाइकं मागे लागली आहेत, पण आम्ही आधी फोन केला म्हणून पहिला मान आमचा, असंही म्हणाल्या. हिने माझ्या कोपराला हळूच ढोसलं. मी न कळल्यासारखं करून बॅग उघडली.

स्ट्रॉबेरी हातात धरून मी गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. बाई व्हरांड्यातून बघत होत्या. त्यांनी हिला हळूच विचारलं, की हे डॉक्टर आहेत का. मग मी दारांच्या फटी फूटपट्टीने मोजल्या, सायलेन्सरमध्ये रुमाल फिरवून काजळी काढली, पायपुसणी उचलून खालचा गालिचा हुंगला (पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीला कुबट वास येतो, या गाडीला खडूचा येत होता), आणि प्रत्येक गोष्ट कागदावर क्रमांकाने लिहीत गेलो. वायपर झिजलेले. मागच्या दाराची रबरपट्टी सैल. हेडलाइट पिवळट. उजवीकडची काच वर जाताना कुरकुरते. चुका सापडायला लागल्या की मला भूक लागत नाही, तहान लागत नाही.

शेवटी चादर अंथरून मी उताणा गाडीखाली शिरलो. गाडी उंच असल्यामुळे शिरणं सोपं गेलं. मी टॉर्च लावून गंज शोधत होतो, तेवढ्यात वर दार उघडल्याचा आवाज झाला आणि बाईंचा आवाज आला, "आजी, बसून तर बघा." पाठोपाठ आणखी दोन दारं वाजली. तिघी जणी वर बसल्या आणि गाडी दोन बोटं खाली आली. कुठलासा पाइप माझ्या पोटावर टेकला. मला बाहेर येता येईना.

आपण खाली आहोत हे ओरडून सांगावं, असं कुठल्याही शहाण्या माणसाला सुचलं असतं. मी पडल्या पडल्या कागदावर लिहिलं : चौतीस, तीन माणसे बसल्यावर गाडी खाली येते.

वर गप्पा रंगल्या होत्या. सासूबाई सांगत होत्या की एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा आपोआप आत आला, कोणी धरलं नाही, कोणी ओढलं नाही. "चार महिन्यांत आज पहिल्यांदा मी माझी मी बसले," त्या म्हणाल्या. मग जावई कुठे गेले म्हणून चौकशी झाली. ही म्हणाली, असतील इथेच कुठेतरी, चूक सापडली की ते आपोआप येतात. तिघीही इतक्या हसल्या, की गाडी हलली आणि पाइपाने मला तीनदा दाबलं.

आता खरं सांगायचं तर तपासणी तिथेच संपली होती. आम्ही ज्यासाठी गाडी घेणार होतो ते काम गाडीने माझ्या डोक्यावर, म्हणजे पोटावर, करून दाखवलं होतं. पण माझ्या कागदावर अजून तीन ओळी रिकाम्या होत्या.

त्या उतरल्यावर मी बाहेर आलो. शर्टावर ग्रीसचा पट्टा, केसांत जळमटं. ही माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, आईला बसता आलं. काही बोलू नका, आत्ताच्या आत्ता इसार देऊन टाका."

"सदतीस त्रुटी आहेत," मी म्हणालो.

"असू देत. तुमच्यात किती आहेत ते मी कधी मोजलं का?"

पण बावीस वर्षांची सवय. मी व्हरांड्यात बसून स्वच्छ अक्षरात त्रुटीपत्र लिहिलं. 'वरील सदतीस त्रुटींची पूर्तता सात दिवसांच्या आत करावी, अन्यथा प्रस्तावाचा विचार केला जाणार नाही.' खाली सही ठोकली. माझा विचार असा की बाई कागद बघून घाबरतील आणि किंमत जरा उतरवतील. बाई घाबरल्या नाहीत. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "माझी एकही वही आजवर अपुरी राहिलेली नाही. पुढच्या रविवारी गाडी घेऊन मीच तुमच्याकडे येते." आमची पाळी त्यांनी आठवडाभर राखून ठेवायचं कबूल केलं. परतीच्या वाटेवर मी अधिकार परत मिळाल्याच्या थाटात बुटकी गाडी चालवली. ही खिडकीबाहेर बघत होती.

तो आठवडा सासूबाई रोज संध्याकाळी दारापर्यंत चालत जाऊन परत यायच्या. सराव, म्हणायच्या. व्यायाम केंद्राची वेळही त्यांनी स्वतः फोन करून ठरवून ठेवली होती, रविवारचीच.

रविवारी बरोबर दहाला फाटकाशी हॉर्न वाजला. मी बघितलं आणि बघतच राहिलो. हेडलाइट नव्या चष्म्याच्या काचेसारखे लख्ख. काच बिनबोभाट वरखाली. रबरपट्टी घट्ट. खडखड नावालाही नाही. मी स्ट्रॉबेरी फिरवली, हुंगलं, मोजलं. काहीही सापडेना. शेवटी मी आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द उच्चारला. "पास," मी म्हणालो आणि इसाराचा चेक लिहायला पेन काढलं.

"पेन राहू द्या," बाई म्हणाल्या. "गाडी मी विकत नाहीये."

मला वाटलं, किंमत वाढवायची असेल. तसं नव्हतं. त्या शांतपणे सांगत गेल्या. गॅरेजात माझा कागद दाखवला, तेव्हा तिथला माणूस म्हणाला की इतकी बारीक तपासणी त्याने जन्मात पाहिली नव्हती. त्याने एकेक करून सगळं दुरुस्त केलं. मग त्या एक फेरी मारायला निघाल्या ते चाळीस किलोमीटर जाऊन आल्या. "मला वाटत होतं, गाडी म्हातारी झाली," त्या म्हणाल्या. "तिची नुसती तपासणी राहिली होती. तुम्ही इतकी मेहनत घेतलीत, आता चांगली गाडी मी कशाला विकू?"

मी हिच्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. माझा डावा कान आपोआप गरम झाला होता. माझी नजर गेली ती सासूबाईंकडे. त्या चपला घालून, पिशवी घेऊन पायरीवर उभ्या होत्या. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. त्या 'घरीच बरी' म्हणतील आणि आत वळतील, या भीतीने मी कपाळावरचा घाम पुसायलाही विसरलो.

पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं. व्यायाम केंद्राच्या पलीकडेच वाचनालय आहे, तिथे त्या एक दिवसाआड जातातच. आजींना त्या नेतील आणि आणतील, जावईबापूंच्या सदतीस मुद्द्यांच्या बदल्यात. सासूबाईंनी दुसऱ्यांदा विचारायची वाट पाहिली नाही. एक पाय पायरीवर, दुसरा आपोआप आत. ही मागे जाऊन बसली. मीही मागचं दार उघडलं, तर ही म्हणाली, तुम्ही नको, चौघं बसलो तर गाडी खाली येईल.

मी दार लावलं. पुढच्या काचेतून दिसत होतं की बाईंनी डॅशबोर्डावर एक कागद ठेवून सासूबाईंना पेन दिलं आहे आणि सासूबाई जीभ दातांत धरून काहीतरी लिहीत आहेत. मग काच (बिनबोभाट) खाली आली, कागद माझ्या हातात पडला आणि गाडी निघून गेली.

माझंच त्रुटीपत्र होतं. सदतीस ओळींपुढे लाल शाईने सदतीस खुणा. छत्तीस बरोबर, एक फुली. फुलीपुढे लिहिलं होतं : 'क्र. ३४. माणसे बसली की गाडी खाली येणारच. वजनाचा धडा पुन्हा वाचा.' आणि अगदी तळाशी, माझ्या सहीच्याही खाली, शेरा होता : 'अक्षर सुवाच्य. पायऱ्यांचे गुण दिले आहेत. उत्तर चूक.'

त्याखाली फूटपट्टीने एक रेघ मारून 'पालकांची सही' असं लिहिलं होतं. रेघेवर सासूबाईंची सही होती, पूर्ण नावासकट आणि तारखेसह. मी सवयीने दोनदा तपासली. त्यात एकही त्रुटी नव्हती.