उमाजीचा साहेब

"बुजगावणंच ना? मी करतो की! आणि फुकटात करतो!" उमाजी शिंप्यानं छाती ठोकून सांगितलं, आणि अख्ख्या वाडीवर संकट आलं.

बेळगावात प्लेग शिरला तेव्हा उमाजी आणि त्याची बायको गिरजा कात्री, सुईदोरा उचलून नंदिगड्ड्याच्या रानात आले होते. वाडीनं आसरा दिला, पण ओढ्यापलीकडे. गावजेवणात त्यांची पानं वेगळी, फणसाखाली. माणसं वाईट नव्हती, प्लेगला भीत होती इतकंच. पण उमाजीच्या जिवाला ते लागायचं. म्हणून तो पडेल ते काम फुकट करी, आणि करता करता त्याची तंद्री लागे. धुक्यात पंगत बसलीय, नव्या भाताचा वास सुटलाय, आणि शेजारचा कोपरानं ढोसून म्हणतोय, "सरक की रं!" अहाहा! या तंद्रीत त्यानं वाडीप्रमुख झिलू गावकराच्या परसाला कुंपण घातलं, ते वाटच न ठेवता!

आता भात पिकलं होतं, पोपट उतरले होते. उमाजी बुजगावणं करायला बसला. पण हात पडले कॅम्पात पलटणीचे कोट शिवलेले! बोचक्यातलं खाकी कापड दिसताच ते आपल्याच वाटेनं निघाले. ताठ कॉलर झाली, खांद्यावर पट्ट्या आल्या, सुपारीची बटणं लागली. वर तिरकी टोपी!

सकाळी धुक्यात वाडीतली रुक्मा कापणीला आली आणि तशीच उलटी पळाली.

"गावकारा, शेतात जंगलखात्याचा साहेब उभा हाय! कायबी बोलत न्हाई!"

"बोलत न्हाई? मग लईच मोठा असणार!"

घटकेत वाडी ओस! कोंबड्या, कुऱ्हाडी घेऊन सगळे रानात. ओढ्यापलीकडे मात्र कुणी कळवलंच नाही. दोन दिवस पोपटांनी साहेबाच्या खांद्यावर बसून भात खाल्लं.

तिसऱ्या दिवशी झिलू गावकर कोंबडी घेऊन वाकत वाकत शेतात गेला. मागं सारी वाडी, आणि सगळ्यांत मागं काय झालं ते बघायला आलेली उमाजी-गिरजा.

"साहेबानू, येवढी गोड मानून घ्या..." म्हणत त्यानं पाय धरले. हातात गवत आलं!

"उमाज्याऽऽ! ऊठ, चालता हो!"

उमाजीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. गिरजा बोचकं बांधायला वळली.

तेवढ्यात दर आठवड्याला कोंबडी उचलून नेणारा जंगलखात्याचा गार्ड बांधावर आला. धुक्यात साहेब दिसताच त्यानं खाडकन सलाम ठोकला, आणि पाठ न दाखवता मागं मागं जात दिसेनासा झाला!

झिलूनं हातातल्या कोंबडीकडं पाहिलं. मग उमाजीकडं. मग हसायला लागला तो थांबेचना.

"गिरजाक्का, सोड ते बोचकं! साहेबाचा कोट फाटला तर कोण शिवणार?"

नव्या भाताच्या पंगतीत उमाजीचं पान मधोमध मांडलं. डोळे भरून आले त्याचे! वाफाळता भात वाढला गेला. इतक्यात बुजगावणं काखेत घेऊन आलेल्या झिलूनं त्याला कोपरानं ढोसलं,

"सरक की रं! साहेबाला बसू दे!"