पाठमोरा प्रेक्षक

आमचे मित्र वासनिकसाहेब दर रविवारी सायंकाळी आपल्या घरी पंधरा-वीस माणसांना जुना सिनेमा दाखवतात आणि स्वतः टी.व्ही.कडे पाठ करून बसतात.

हे वाक्य मी पुष्कळांना सांगितले आहे आणि पुष्कळांनी ते मला पुन्हा म्हणायला लावले आहे. म्हणून नीट स्पष्ट करतो. टी.व्ही. भिंतीवर. त्याच्यासमोर सतरंजी, सतरंजीमागे खुर्च्या. आणि टी.व्ही.च्या खाली, भिंतीला टेकवलेल्या मोड्यावर, म्हणजे वेताच्या बुटक्या आसनावर, स्वतः वासनिकसाहेब, तोंड प्रेक्षकांकडे. पडद्यावर नायिका अश्रू ढाळत असते आणि तिच्या बरोबर खाली हे गृहस्थ प्रसन्न मुद्रेने आम्हा सर्वांचे अवलोकन करत असतात. नवख्या माणसाला नेमके कोणाकडे पाहावे हेच काही वेळ उमगत नाही.

वासनिकसाहेब मूळचे नागपूरचे. केंद्र सरकारच्या सेवेत पस्तीस वर्षे काढून निवृत्त झाले. मी एका सरकारी ग्रंथालयाच्या संस्कृत विभागात होतो. राजधानीत, आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत, आमची घरे एकाच जिन्यावर होती आणि निवृत्तीनंतर ईश्वरकृपेने इंदिरापुरमच्या एकाच सोसायटीत आम्ही आलो. ते अकराव्या मजल्यावर, मी तिसऱ्या. माझ्या देवघरात शाळिग्राम आहे, त्यांच्या बैठकीत तथागतांची मूर्ती आहे, आणि चाळीस वर्षांत आमचा वाद झाला तो केवळ चहात आले किसून घालावे की ठेचून, एवढ्यावरच.

त्यांच्या रविवारचे नियम सांगण्याजोगे आहेत. चपला दाराबाहेर ओळीने लावायच्या. श्रेयनामावली संपूर्ण पाहायची, कारण एवढ्या लोकांनी कष्ट केले आणि आपण नावेही वाचू नयेत, हे बरे नव्हे. गाणे पुढे ढकलायचे नाही. आणि मध्यावर, कथा कितीही रंगात आलेली असो, सिनेमा थांबवून बातम्या होतात. टी.व्ही.वर एकच वाहिनी होती त्या काळी रविवारचा सिनेमा मध्येच तोडून बातम्या देत असत. तो प्रघात वासनिकसाहेबांनी एकट्याने जिवंत ठेवला आहे. ते उठतात, चष्मा लावतात, सकाळच्या वर्तमानपत्रातील पाच मथळे धीरगंभीर स्वरात वाचतात, आणि शेवटी हवामानाच्या जागी सोसायटीची सूचना देतात, की बी टॉवरची पाण्याची टाकी मंगळवारी धुतली जाईल. तरुण मंडळी कुरकुरतात. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले आहे: बातम्या नसतील तर म्हाताऱ्यांनी मोकळे व्हायला जायचे केव्हा?

त्यांचे आणखी एक पालुपद आहे. "आलं का? साफ आलं का?" चित्र सुरू झाले की ते हा प्रश्न विचारतात आणि सर्वांनी "आलं" म्हटल्यावाचून खाली बसत नाहीत. हल्ली चित्र इतके स्वच्छ येते की नायकाच्या नाकावरील पावडरही मोजता यावी. तरी प्रश्न चुकत नाही. शेजारच्या फ्लॅटमधील निधी नावाची कॉलेजात जाणारी मुलगी दर वेळी त्यांना म्हणते, "आ गया अंकल, बिल्कुल साफ आ गया, अब तो बैठ जाइए." कोणाला फोनवर छायाचित्र पाठवले तरी हाच प्रश्न. एकदा मला त्यांनी बशीत लाडू दिला आणि सवयीने विचारले, "आलं का?"

या पालुपदाचा उगम मला ठाऊक आहे, कारण मी त्याचा साक्षी आहे. आर. के. पुरमच्या आमच्या जिन्यात पहिला टी.व्ही. वासनिकांकडे आला. त्यांचे घर सर्वांत वर, म्हणजे डोक्यावर थेट गच्ची, आणि गच्चीवर अँटेना. त्या अँटेनाचा खांब असा काही सैल होता की वारा आला, घार बसली, माकडाने हात लावला, की तो फिरे आणि पडद्यावर मुंग्या धावू लागत. तो धरून ठेवला तरच चित्र स्थिर राही. मग रविवारी सायंकाळी सबंध जिना वासनिकांच्या खोलीत दाटीवाटीने बसे आणि घरधनी गच्चीवर अँटेना धरून उभा राही. हिवाळ्यात कानटोपी आणि मफलर, उन्हाळ्यात ओला पंचा. खिडकीत त्यांच्या पत्नी सुशीलावहिनी. वरून प्रश्न, "आलं का?" खालून उत्तर, "आलं, आलं, हलू नका." आणि ते अडीच तास हलत नसत. खांब पक्का करून घ्या, असे मी अनेकदा सुचवले. ते म्हणत, मिस्त्री सोमवारी येतो, सिनेमा रविवारी असतो.

गच्चीवर त्यांना केवळ गाणी ऐकू येत. संवाद रस्त्यावरील बसच्या आवाजात विरून जात. मग रात्री जेवताना सुशीलावहिनी त्यांना कथा सांगत, आणि सोमवारी सकाळी कार्यालयाच्या बसच्या थांब्यावर ते ती मला सांगत. मला, कारण माझी अडचण निराळी होती. सूर्य मावळला की मी संध्येसाठी उठत असे. चित्रपट ऐन भरात आलेला असताना मी सर्वांच्या पायांवरून वाट काढत बाहेर पडे आणि खाली आपल्या घरी पळीपंचपात्र घेऊन बसे. माझी पत्नी व मुले मात्र शेवटपर्यंत तिथेच असत. अशा रीतीने त्या काळातील एकाही चित्रपटाचा शेवट मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. जे जाणतो ते वासनिकांच्या तोंडून.

आणि ते शेवट फार सुंदर असत. दुरावलेले भेटत. आंधळ्या आईला दिसू लागे. गोळी लागलेला मित्र इस्पितळातून हसत बाहेर येई. आपल्या प्राचीन नाट्यपरंपरेत रंगभूमीवर मृत्यू दाखवू नये असा दंडक आहे. हिंदी चित्रपट आजही तो दंडक निष्ठेने पाळतो, हे मला सोमवारच्या त्या बसथांब्यावर उमगले. या विषयावर मी मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तीन व्याख्याने दिली. श्रोत्यांत आमचा सबंध जिना असे. सर्वजण अत्यंत शांतपणे ऐकत. पहिल्या रांगेत वासनिकसाहेब मान डोलवत.

सुशीलावहिनींना जाऊन चार वर्षे झाली. कन्या संघमित्रा पुण्यात असते. बाबांनी तिकडे यावे म्हणून तिने बराच आग्रह केला. ते गेले नाहीत. वर्षश्राद्धासारखे विधी त्यांच्याकडे नसतात. त्यांनी वहिनींच्या पहिल्या स्मृतिदिनी बुद्धवंदना केली, लोकांना खीर दिली, आणि त्यानंतरच्या रविवारी सतरंजी अंथरली. तेव्हापासून हे चालू आहे. चित्रपट शेवटाकडे झुकला की ते मोड्यावरून उठतात, स्वयंपाकघरात जातात, चहाचे आधण ठेवतात आणि ओट्यावरची चिमणी पूर्ण वेगाने लावतात. तिचा आवाज विमानतळाजवळ राहिल्यासारखा येतो. शेवट झाला की ट्रे घेऊन बाहेर येतात. पाहुणचाराची तळमळ, असे आम्ही सारे मानत आलो.

गेल्या माघातल्या एका रविवारी मी नेहमीप्रमाणे सूर्यास्ताला उठलो, तर लिफ्ट बंद. आठ मजले उतरणे माझ्या गुडघ्यांना मानवणारे नव्हते. वासनिकसाहेबांनी तांब्याभर पाणी दिले, गॅलरीत पाट मांडला आणि दार लोटून घेतले. पश्चिमेला सूर्य नव्हता, सी टॉवर होता. त्याच्याकडे मुख करून मी अर्घ्य दिले. जप आटोपून आत आलो तेव्हा चित्रपट शेवटाला आला होता, आणि वासनिकसाहेब स्वयंपाकघरात चिमणीखाली होते.

हा चित्रपट मला चांगला आठवत होता. नायक परदेशाहून येतो, रेल्वेच्या फलाटावर नायिका वाट पाहत असते, दोघे भेटतात, स्टेशनमास्तर आपली टोपी काढून आशीर्वाद देतो. बसथांब्यावर ऐकताना माझे डोळे पाणावले होते. मी उभ्यानेच पाहू लागलो. गाडी आली. नायक उतरला. दोन पावले चालला, छातीवर हात ठेवला आणि कोसळला. नायिका धावत पोहोचेपर्यंत सारे संपले होते. स्टेशनमास्तर कुठेच नव्हता.

खरे सांगतो, त्या क्षणी मला नायकाचे दुःख झाले नाही. मला माझी तीन व्याख्याने आठवली.

तेवढ्यात चिमणी थांबली आणि ट्रे घेऊन वासनिकसाहेब आले. निधी ओढणीने डोळे पुसत होती. ते तिला हसून म्हणाले, "अरे बेटा, रोना क्यों? दोनों मिल तो गए."

"मिले कहाँ, अंकल? वो तो मर गया."

"नहीं, नहीं. स्टेशनमास्टर आशीर्वाद देता है."

"कौन सा स्टेशनमास्टर?" तिने रिमोट उचलला. "रुकिए, पीछे करके दिखाती हूँ. आज आप इधर मुँह करके बैठिए."

वासनिकसाहेबांनी ट्रे खाली ठेवलाच नाही. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "शास्त्रीजी, तुम्हीच सांगा हिला."

असत्य बोलू नये, असे मला माझ्या गुरुजींनी आठव्या वर्षी, मुंजीच्या दिवशी सांगितले. मी ते यथाशक्ती पाळले आहे. परंतु ज्या मनुष्याने अडीच-अडीच तास थंडीत उभे राहून माझ्या मुलाबाळांना सिनेमा दाखवला, त्याला त्याच्याच घरात, त्याचा चहा हातात घेण्यापूर्वी, मी काय सांगणार होतो? मी निधीला म्हणालो, "बेटी, रिमोट रख दो. बात पुरानी है, इन्हें ठीक याद है."

तिने माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. रिमोट सतरंजीवर ठेवला आणि चहा घेतला. हल्लीच्या मुलांना आपल्याला वाटते त्यापेक्षा अधिक कळते.

लिफ्ट सुरू झाली, मंडळी पांगली. मी मागे थांबलो. वासनिकसाहेब सतरंजीची घडी घालत होते.

"शास्त्रीजी, आज तुम्ही शेवट पाहिलात," ते म्हणाले. "तरी बोलला नाहीत."

मी म्हटले, तुम्हाला ठाऊक आहे तर.

त्यांना ते पहिल्याच वर्षी कळले होते. कचेरीत कोणीतरी खरा शेवट सांगितला आणि हे त्याच्याशी भांडले. सायंकाळी सुशीलावहिनींना जाब विचारायच्या इराद्याने घरी आले, तर त्या पोळ्या लाटता लाटता पुढच्या रविवारसाठी त्यांच्या मफलरला लोकर कमी पडते आहे असे म्हणत होत्या. यांनी विचारले नाही. पुढे कधीच विचारले नाही. दर रविवारी गच्चीवरून खाली यायचे आणि ती आज काय करून ठेवते ते ऐकायचे. खरा सिनेमा सगळ्यांनी पाहिला होता, ते म्हणाले. हा फक्त त्यांच्यासाठी बनत होता.

"शेवटी दवाखान्यात होती, तेव्हा म्हणाली, एखादा सिनेमा सांगा. मी कुठला सांगणार? माझ्याकडे तिचेच होते. स्टेशनवाला सांगितला. तर म्हणते कशी, अहो, टोपी आधी काढतो, आशीर्वाद नंतर. इतक्या वर्षांत तिलाही तेच खरं वाटायला लागलं होतं." घडी घातलेली सतरंजी त्यांनी पुन्हा उलगडून नव्याने घातली. "आता मी टी.व्ही.त बघितलं, तर तिचं खोटं ठरेल ना."

आणि पाठ करून का बसता, असे मी विचारले. गच्चीवर असताना आपल्या माणसांचे सिनेमा पाहतानाचे चेहरे पाहायचे राहून गेले, असे ते म्हणाले. ती रडायची की नाही, हेही त्यांना माहीत नाही. आता इतरांचे पाहून अंदाज करतात.

मी खाली आलो. पत्नी देवापाशी वाती वळत बसली होती. मी तिला गंभीरपणे सांगितले, की अग, तो फलाटावरचा नायक मरतो. ती वात वळतच राहिली.

"पुष्कळच मरतात," ती म्हणाली. "सुशीलाताईंनी सगळ्या जिन्याला शपथ घातली होती. वर उभ्या असलेल्या माणसाला सांगायचं नाही. तुम्हाला सांगितलं असतं, तर सोमवारी बसथांब्यावर तुम्ही खरं बोलून मोकळे झाला असता."

मी म्हटले, मग माझी व्याख्याने?

"पहिल्या रांगेत वासनिक बसलेले असायचे. कोण उठून बोलणार? आपली मुलंसुद्धा गप्प बसली."

बारा घरांनी, पोराबाळांसकट, चाळीस वर्षे एक मौन पाळले होते, आणि त्यांत सर्वांत विद्वान समजला जाणारा मी एकटाच बाहेर राहिलो होतो. मोठा संकल्प इतक्या निगुतीने सिद्धीस गेलेला मी अन्यत्र पाहिलेला नाही.

पुढील रविवारी मी संध्येची तयारी बरोबर घेऊनच वर गेलो. गॅलरीत जप आटोपला. चित्रपट शेवटाकडे झुकला होता. वासनिकसाहेब उठून स्वयंपाकघरात गेले. मीही त्यांच्यामागोमाग गेलो आणि दार लोटून घेतले. त्यांनी आले ठेचून माझ्या हाती वाटी दिली. बाहेर सनईचे करुण सूर लागले, निधी नाक ओढू लागली. मी चिमणीचे बटण दाबले आणि विचारले, "हं, वहिनी काय म्हणाल्या होत्या? पुढे काय होतं?"

त्यांनी गाळणी कपावर धरली आणि सांगायला सुरुवात केली. ती सगळी कथा इथे देत नाही. एवढेच सांगतो, की त्यात कोणीही मरत नाही.