साळुबाईंसाठी चाळीस सेकंद

मेलेल्या माणसाची दखल किती लवकर घेतली जाते, त्यावरून समाजाची प्रगती मोजावी. या बाबतीत आंबेगाव तालुका कुणाला हार जाणार नाही. शिनोलीच्या साळुबाई सकाळी सातला गेल्या आणि सात वाजून नऊ मिनिटांनी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे एकशे बारा संदेश जमा होते. (त्यांतले तीन, त्याच दिवशी वाढदिवस असलेल्या शौर्यच्या फोटोखाली पडले. त्याने सर्वांचे आभार मानले.)

दशक्रियाही तोलामोलाची झाली. नदीकाठी मांडव, स्पीकर आणि सतरा वक्ते. वक्त्यांना त्या सकाळी आणखी चार गावच्या दशक्रिया उरकायच्या होत्या, म्हणून प्रत्येकी तीन मिनिटं. कावळाही आठ मिनिटांत शिवला. त्यालाही बहुधा पुढे जायचं होतं.

साळुबाईंचे मालक हौशीराम पुढच्या खुर्चीत बसून ऐकत होते. पंधरा भाषणांत साळुबाई पंधरा वेळा मनमिळाऊ होत्या, बारा वेळा धार्मिक वृत्तीच्या होत्या आणि सहा वेळा साळुबाई होत्या. (उरलेल्या नऊ वेळा नाव चुकलं, पण भावना पोचल्या.)

माईक सूत्रसंचालन करणाऱ्या कुंडलिककडे होता. हौशीरामांनी त्याला खुणेनं बोलावलं.

“मला दोन मिन्टं बोलायचंय.”

“भाऊ, घरच्यांनी बोलायची पद्धत न्हाई. घरच्यांनी बसायचं आसतं.”

“चाळीस वर्सं तिच्यासंगं राह्यलो मी.”

“म्हणूनच. तुमी खरं बोलाल, मग कार्यक्रम लांबंल.”

एवढ्यात शेजारी बसलेल्या रुपालीचा फोन वाजला. हौशीरामांची ही लेक पुण्यात एका विज्ञान संस्थेत आहे. दूर कुठे मोठा तारा मरतो, तेव्हा गॅमा किरणांचा एक झोत सुटतो. आपली हवा तो खाली येऊ देत नाही, म्हणून त्यासाठीच्या दुर्बिणी अवकाशात फिरत ठेवल्या आहेत. दुर्बिणीला झोत दिसला की रुपालीचा फोन वाजतो.

“कोन गेलं?” हौशीरामांनी विचारलं.

“तारा, आण्णा. आठशे कोटी वर्षांपूर्वी.”

“आन् कळलं आज?”

“उजेड आज पोचला. चाळीस सेकंद दिसला. विझल्यावर दहा सेकंदांत दुर्बिणीनं जगाला कळवलं.”

“वाच की, काय लिवलंय.”

तिनं वाचलं. कुठे दिसला, किती वेळ, तेज किती, पाहिलं कुणी, आणि आमची चूक असलीच तर ती एवढी.

“मनमिळाऊ व्हता का, ते न्हाई?”

“दिसलं तेवढंच लिहितात, आण्णा.”

हौशीरामांनी ते पुन्हा वाचायला लावलं. दहा दिवस त्यांना काय बोलावं सुचत नव्हतं. आता सुचलं.

सोळावे वक्ते बोलून गेले. सतराव्यांची गाडी घोडेगावातच अडकली होती. हौशीराम उठले.

“चाळीस सेकंद दे, कुंडलिक.”

“पावणं येईस्तोवर घ्या,” कुंडलिक म्हणाला आणि माईक दिला.

“साळू मनमिळाऊ नव्हती,” हौशीराम म्हणाले. “एका कोंबडीपायी शेजारच्या सखूबाईशी नऊ वर्सं बोलली न्हाई. सखूबाई आजारी पडली, तवा महिनाभर कुंपणावरनं भाकरी दिली. तवाबी बोलली न्हाई. देवळात जायची न्हाई, गुडघं दुखायचं. मला चहा देताना रोज कप आपटायची. एक दिवस आपटला न्हाई, तवा मला कळलं कायतरी बिनसलंय. दवाखान्यात नेली, पर उशीर झाला व्हता. मी पाह्यलं ते एवढं. कोंबडीचं वर्स एखादं इकडंतिकडं आसंल.”

“धा,” मागून सखूबाई म्हणाल्या. “धा वर्सं झाली.” आणि पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या निरीक्षकाकडून दुरुस्ती आल्याने नोंद पक्की झाली. मग सतरावे वक्ते आले. त्यांच्या मते दिवंगत सावळाबाई मनमिळाऊ होत्या.

वाचकहो, आपणही त्या ग्रुपवर आहात. आपला संदेश अवघ्या चार सेकंदांत पोचला, म्हणजे दुर्बिणीलाही आपण सहा सेकंदांनी मागे टाकलं. गडबडीत कोण गेलं ते पाहायचं राहून गेलं, म्हणून वर सविस्तर कळवलं आहे. शौर्यच्या फोटोखालच्या तीन संदेशांपैकी एक आपला होता.