अलाइनमेंटवाल्यांची परीक्षा

मला कुणी फसवू शकत नाही! हिंजवडीच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा, हा माझा व्यवसाय. आमच्या यवतमाळच्या घराण्यात हे काम पूर्वी फक्त माझी आत्या करायची, तेही फुकट.

तर गेले दोन महिने आमची गाडी डावीकडे ओढत होती. स्टिअरिंगवरची पकड जरा सैल झाली की ती आमच्या पिरंगुटच्या गटारांची पाहणी करायला निघायची! मी स्टिअरिंग कायम उजवीकडे दाबून धरायचो. पण सोमवारी सकाळी यवतमाळला निघायचं होतं. मंगळवारी माझ्या एकुलत्या एक बहिणीचा, अनुष्काचा साखरपुडा, आणि मुलाकडच्यांना द्यायचं झाडून सगळं सामान आमच्या गाडीत.

"शनिवारी चाकांचं अलाइनमेंट करून आण," माझी बायको स्वरदा म्हणाली. "नाहीतर साखरपुडा यवतमाळला आणि आपण नगरजवळ कुणाच्या तरी शेतात!"

"आणतो. पण दुकान विश्वासाचं पाहिजे. हे लोक धडधाकट चाकंसुद्धा वाकडी ठरवतात."

"गंगूबाईंच्या किशोरचं आहे की चौकात." गंगूबाई म्हणजे आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी.

"ओळखीवर टेस्टिंग होत नाही, स्वरदा!"

मग मी तिला माझी योजना सांगितली. आधी शहरातल्या एका चकाचक दुकानातून चाकं सरळ करून घ्यायची. मग तीच सरळ गाडी आपल्या रस्त्यावरच्या तीन दुकानांत दाखवायची. 'काही दोष नाही, घरी जा' असं जो म्हणेल, तो प्रामाणिक!

"पण गाडी आधीच सरळ झाली, तर प्रामाणिक दुकान हवंय कशाला?"

"पुढच्या वेळेसाठी!" मी म्हणालो. स्वरदाने माझ्याकडे पाहिलं आणि कणीक मोजायला घेतली.

शनिवारी सकाळी मी कोथरूडला गेलो. काय ते दुकान! काचेची खोली, एसी, गुबगुबीत सोफा, कॉफी! दुसरी कॉफी संपायच्या आत कागद हातात पडला. चारही चाकं हिरवी, म्हणजे सरळ! गाडी आतून-बाहेरून चकचकीत पुसलेली. परतताना चांदणी चौकापासून ती थोडी डावीकडे ओढतेय असं वाटलं. पण कागद हिरवा असताना आपल्या हातांवर कशाला विश्वास ठेवायचा? रस्त्याला उतार असेल, म्हटलं.

पहिला किशोर. त्याने गाडी मशीनवर चढवली, चाकांना पट्ट्या लावल्या आणि पडद्याकडे बघून चुकचुकला.

"दादा, डावं चाक लई तिरकं हाय. गाडी वढत आसंल डावीकडं?"

"छे, मुळीच नाही!"

"आसं कसं? करू का सरळ?"

"नको. आकडे तेवढे लिहून दे." मनात म्हटलं, एक गळाला लागला!

दुसरे घोटावडे फाट्यावरचे नरहरी. यांच्याकडे मशीनच नव्हतं, दोरी होती. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत त्यांनी दोरी ताणली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "डावं चाक रुसलंय. दोन बोटं भायेर गेलंय." तेही मी कागदावर लिहून घेतलं. तिसरा पौडचा राजू. त्याच्या मशीनवर किशोरचेच आकडे आले, दशांशासकट!

आता कुठलाही शहाणा टेस्टर काय म्हणाला असता? तीन वेगवेगळ्या जागी एकच दोष दिसतोय, म्हणजे दोष खरा असेल. पण माझ्या डोक्यात पेटलं ते भलतंच. यांची टोळी आहे! आकडे आधीच ठरवून ठेवलेत! पौडच्या एसटी स्टँडसमोर गाडी उभी करून मी सोसायटीच्या ग्रुपवर संदेश टाकला : 'सावधान! पिरंगुट ते पौड अलाइनमेंटवाले सगळे चोर! पुराव्यासह सिद्ध!' पटापट अठ्ठावीस अंगठे आले. छाती फुगली.

संध्याकाळी गंगूबाई आल्या. आमच्या सोसायटीत त्या सात घरी पोळ्या करतात. त्यामुळे माझा संदेश त्यांना सातदा वाचून दाखवण्यात आला होता. त्यांनी पिठाला हात लावला नाही. दारातच उभ्या राहिल्या.

"दादा, माजा किशोर चोर हाय व्हय?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं तरी टेस्टर माघार घेत नाही.

"मावशी, माझ्याकडे पुरावा आहे!" मी चारही कागद टेबलावर मांडले. स्वरदाने ते एकेक करून वाचले.

"तिघांचं म्हणणं एकच?"

"बघ ना! किती मुरलेली टोळी!"

"आणि हा हिरवा कागद कुणाच्या गाडीचा?"

"आपल्या!"

"आपली गाडी यवतमाळची आहे, अनिमेष. एमएच एकोणतीस. यावर एमएच बारा छापलंय."

मी कागद घेतला. उजेडात धरला. उलटाही करून पाहिला.

"म्हंजी मशीनवर दुसऱ्याचीच गाडी चढीवली व्हय?" गंगूबाईंनी विचारलं.

तसंच झालं होतं! दुकानात दोन पांढऱ्या गाड्या होत्या. मी कॉफी पीत असताना त्यांनी शेजारची सरळ केली आणि माझ्या गाडीला नुसतं फडकं मारलं. मी लगेच माफीचा संदेश लिहायला घेतला. गंगूबाई मागे उभ्याच होत्या.

"'चोर' जेवढा मोटा लिवला व्हता, 'माफी' बी तेवढीच मोटी लिवा."

रविवारी सकाळी किशोरच्या दुकानात पाय ठेवायची लाज वाटत होती. पण दुसऱ्या दिवशी निघायचं होतं.

"या दादा," किशोर म्हणाला. "टोळीत नाव नोंदवायला आलाय का?"

"माझं चुकलं, किशोर."

"वाचलं मी. आईनं दोनदा वाचाय लावलं. लावा गाडी वर."

अर्ध्या तासात काम झालं. मग त्याने मला शेजारी बसवून गाडी घोटावड्याच्या मोकळ्या रस्त्यावर काढली आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलले. गाडी नाकासमोर गेली! मला खरोखर भरून आलं.

"आता तुमी घ्या."

मी घेतली. शंभर पावलं गेलो नसेन, तोच गाडी थेट उजवीकडच्या भाताच्या खाचरात निघाली! किशोरने हँडब्रेक खेचला म्हणून वाचलो.

"अरे, आता उजवीकडे जातेय! तू चाक जास्त वळवलंस!"

"दादा, गाडी सरळच हाय. हात तिरकं हायेत तुमचं. दोन म्हैनं उजवीकडं दाबून दाबून सवय लागलीया त्यास्नी."

"मग... ते सरळ कसे करायचे?"

"त्येचं मशीन न्हाई माज्याकडं."

साखरपुड्याला आम्ही वेळेवर पोचलो. सगळा रस्ता गाडी स्वरदाने चालवली. मी डावीकडच्या सीटवर, मांडीवर पेढ्यांचे खोके घेऊन बसलो होतो. मांडवाच्या दारात अनुष्काच्या होणाऱ्या सासऱ्यांनी कौतुकाने विचारलं, "स्वरदाताईंनी आणली का गाडी? आणि अनिमेषराव?"

मी तोंड उघडायच्या आत स्वरदा म्हणाली, "यांचं अजून टेस्टिंग चालू आहे."